अभनपुरात उघडलं पाहिजे

आमच्या कंपनीत कुणी नवीन आलं की शीलादीदी रामटेके त्याला कॉलेज विचारायच्या नाहीत, टक्केही विचारायच्या नाहीत. नोकरी सोडून गेलेल्या कुणाचा तरी जुना प्रोग्राम त्या छापून आणायच्या, त्याच्यासमोर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "हे ज्यानं लिहिलं, तो काय विचार करून राहिला होता ते सांग."

माझ्याही पुढ्यात असेच कागद आले. रायपूरच्या पंडरी बाजारातल्या कापडाच्या ठोक दुकानावरचा तो मजला, खालून येणारा कोऱ्या कापडाच्या खळीचा वास, आणि समोर हात बांधून बसलेल्या बुटक्या, सावळ्या, चाळिशीच्या बाई. मी बराच वेळ ते कागद उलटसुलट केले. शेवटी म्हटलं की लिहिणाऱ्याला घाई होती, एवढंच कळतंय. मला वाटलं, संपलं. पण त्या म्हणाल्या, "बराबर. त्याची संध्याकाळची गाडी होती. हैदराबादले चालला होता."

मी नोकरीला लागले ती अशी.

माझे वडील रेल्वेत, बदली होऊन नागपूरहून रायपूरला आलेले. नवं राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. मंत्रालय एका जुन्या इस्पितळाच्या इमारतीत बसलं होतं आणि जो तो बोलताना दर वाक्यात 'राजधानी' हा शब्द घालत होता. रिक्षावाला भाडं वाढवून सांगायचा आणि म्हणायचा, अब राजधानी है. रोज एखादं खातं भोपाळहून वेगळं होत होतं आणि प्रत्येक खात्याला वेबसाइट हवी होती. आमचे मालक ललितभैया मूळचे कापडाच्या घराण्यातले. काकांच्या दुकानावरचा मजला रिकामा होता, त्यात त्यांनी कॉम्प्युटर मांडले आणि भिलईत कॉम्प्युटर शिकवत असलेल्या शीलादीदींना वरिष्ठ म्हणून आणलं. दीदींचे वडील भंडाऱ्याकडून येऊन भिलईच्या कारखान्यात फिटर होते. याहून जास्त त्यांच्या मागच्या आयुष्याबद्दल मला माहीत नाही. त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि विचारावं असा त्यांचा चेहरा नव्हता.

ऑफिसात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. सगळ्यांशी त्या हिंदीत बोलायच्या, माझ्याकडे वळल्या की भाषा बदलायची. "काहून वो पोट्टी, आज उशीर केला?" त्यांचा मुलगा अनिकेत कधीमधी ऑफिसात यायचा. त्या मराठीत विचारायच्या, तो हिंदीत उत्तर द्यायचा. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. मी एकदा त्यावर बोलले, तर म्हणाल्या, समजते त्याले सगळं. बोलन तं कोनाशी बोलन?

कामाला बसताना त्या चप्पल काढून टेबलाखाली सरकवायच्या आणि पाय थंड फरशीवर ठेवायच्या. चहा मागवायच्या आणि विसरायच्या. दिवस संपताना त्यांच्या टेबलावर साय धरलेले पेले असायचे. कुणी एखादी चतुराईची युक्ती लिहून दाखवली, दहा ओळींचं काम दोन ओळींत केलं, की त्या कौतुक करायच्या आणि मग विचारायच्या, "और ये सँभालेगा कौन?" तो मुलगा म्हणायचा, मैं हूँ ना दीदी. सहा-आठ महिन्यांत तो गेलेला असायचा.

जाणाऱ्यावर त्या कधी रागावल्या नाहीत. कुणी राजीनामा दिला की गोल बाजारात जाऊन एक स्टीलचा डबा घ्यायच्या, भांड्याच्या दुकानात त्याच्यावर मशीननं नाव कोरून घ्यायच्या आणि शेवटच्या दिवशी त्याच्या हातात द्यायच्या. डब्यात काही भरलेलं नसायचं. परमुलखात दुसरं काही सापडलं नाही तरी डबा लागतोच, असं त्यांचं म्हणणं.

पण दीदींचं खरं वेड म्हणजे रायपूरजवळचं अभनपूर. नवी वेबसाइट तयार झाली, ललितभैयांनी पाहिली, खात्याच्या साहेबांनी वातानुकूलित खोलीत बसून वाहवा केली, तरी दीदींच्या लेखी ती झालेली नसायची. रविवारी त्या छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेज गाडीनं अभनपूरला जायच्या. तिथं बाजारात, बियाण्याच्या दुकानाशेजारी, एक सायबर कॅफे होता. टेलिफोनच्या तारेवर चालणारं इंटरनेट, पिवळे पडलेले कॉम्प्युटर. तिथं एका खुर्चीत बसून त्या स्वतःच बनवलेलं पान उघडायच्या आणि वाट बघायच्या.

एकदा मलाही सोबत नेलं. आम्ही पत्ता टाकला. पान वरून खाली, बोटबोट करत उतरायला लागलं. अर्ध्यावर थांबलं. शेजारच्या खुर्चीवर एक बाई मुलाचा निकाल पाहायला आली होती, तिचंही पान थांबलेलं. कॅफेवाल्याला दीदी चांगल्याच माहीत होत्या. त्यानं न विचारता सांगितलं की दुपारनंतर तारेवर भार कमी होतो, तेव्हा या. दीदी म्हणाल्या, नाही भैया, जेव्हा भार आहे तेव्हाच बघायचं आहे. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अभनपुरात उघडलं पाहिजे. इथं उघडलं तं कुठंबी उघडते."

परतीच्या गाडीत त्यांनी आमच्या पानावरचं मंत्रिमहोदयांचं मोठं चित्र काढून टाकायचं ठरवलं. सोमवारी त्यावरून ललितभैयांशी वाद झाला. चित्र राहिलं, पण शिक्क्याएवढं झालं. पुढच्या रविवारी पान अभनपुरात उघडलं. दीदींना इतकं खूश मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि त्यानंतर फार वेळा पाहिलं नाही.

मग ते मोठं काम आलं. एका खात्याला नर्सिंगच्या प्रवेशाची सगळी प्रक्रिया इंटरनेटवर आणायची होती. राज्यभरातल्या मुलींनी आपापल्या गावच्या कॅफेतून कॉलेजांची पसंती भरायची आणि गुणवत्तेप्रमाणे जागा मिळायची. तोवर बस्तरच्या टोकाच्या मुलीलाही त्यासाठी रायपूरला यावं लागायचं. दोन दिवसांचा प्रवास, बापाची मजुरी बुडवून, बसस्टँडवर झोपून. दीदींना हे काम मनापासून करायचं होतं.

प्रश्न एवढाच होता की हे लिहायचं कोणत्या भाषेत. वेबसाइटचं पान आपल्याला दिसतं, पण त्याच्यामागे दूरच्या मोठ्या मशीनवर अर्ज घेणारा, नोंदवणारा आणि उत्तर देणारा जो प्रोग्राम असतो, त्याच्या भाषेची गोष्ट आहे ही. आमच्याकडची पोरं पीएचपीत लिहीत. ती भाषा सोपी होती, रायपूरच्या कुठल्याही गल्लीतल्या क्लासात शिकवत. खात्यानं मात्र हैदराबादचा एक सल्लागार नेमला होता, आणि त्याचं म्हणणं जावा.

बैठक संचालनालयात झाली. मी दीदींच्या मागे, भिंतीलगतच्या खुर्चीवर होते. सल्लागारानं पडद्यावर आकृत्या दाखवल्या. त्याच्या बोलण्यात एक शब्द पुनःपुन्हा येत होता, स्केलेबल. म्हणजे आज शंभर लोक आले आणि उद्या लाख आले तरी कोसळणार नाही असं. संचालकसाहेबांना तो शब्द फार आवडला. थोड्या वेळानं तेही तो वापरू लागले. मग त्यांनी सगळ्यांना सरळ विचारलं की स्केलेबल भाषा कोणती, एक नाव सांगा.

दीदींनी बोलायची परवानगी मागितली. त्या हिंदीत म्हणाल्या, "सर, भाषा भीड़ नहीं सँभालती. गोल बाज़ार में दिवाली के दिन कितनी भीड़ रहती है, फिर भी आदमी निकल जाता है, क्योंकि गलियाँ बहुत हैं. एक ही गेट होता तो आदमी दबकर मर जाते." मग त्यांनी सांगितलं की भाषा अशी घ्यावी जी इथल्या मुलांना येते, कारण रात्रंदिवस सांभाळायचं त्यांना आहे. काम चार मशीनांवर असं वाटावं की एक बंद पडलं तर मुलीचा अर्धा भरलेला अर्ज दुसऱ्या मशीननं पुढे चालवावा. आणि जिल्ह्यांना वेगवेगळे दिवस द्यावेत, म्हणजे शेवटच्या दिवशी सगळे एकदम दारात येणार नाहीत.

गोल बाजाराचं नाव ऐकून एकदोघं हसले होते. संचालकसाहेब हसले नाहीत. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "मैडम, अब हम राजधानी हैं. छोटा मत सोचिए."

ठरलं तिथंच. जिना उतरताना दीदी इतकंच बोलल्या, "यायले भाषा नाही पाह्यजे. नाव पाह्यजे."

दुसरी कुणी असती तर रुसून बसली असती, किंवा नको तिथं जीव लावायचा नाही असं ठरवून वरवर काम करत राहिली असती. दीदींनी त्या आठवड्यातच जावाची जाड पुस्तकं आणली. त्यांचं वय तेव्हा त्रेचाळीस-चव्वेचाळीस असेल. सकाळी ऑफिस उघडायच्या आधी त्या स्वतः शिकायच्या आणि नंतर आम्हा पोरापोरींना शिकवायच्या. शिकवायच्या फार सुंदर. आम्ही चौघंपाच जण होतो. पावसाळ्यात सुरू झालेला तो वर्ग थंडीत संपला, तोवर आमच्यातल्या प्रत्येकाला आपण मोठ्या गावी जाऊ शकतो हे कळलं होतं. जावा येणाऱ्यांना तेव्हा बाहेर फार मागणी होती.

पहिला पुण्याला गेला, मग दोघं जोडीनं हैदराबादला. दीदी एकदा डबा घेऊन आल्या आणि टेबलावर ठेवत म्हणाल्या, "नावातच लिहून आहे पाहा. शिकला का जावा." आम्ही हसलो. त्याही हसल्या. पण उन्हाळा लागला तेव्हा त्या कामाला त्या, मी आणि नुकतीच आलेली एक मुलगी, एवढ्याच राहिलो होतो.

सल्लागाराच्या आराखड्यात एक गोष्ट दीदींना सुरुवातीपासून खटकत होती. मुलगी पसंती भरत असताना तिचं भरलेलं सगळं एकाच मशीनच्या तात्पुरत्या स्मरणात राहायचं. शेवटचं बटण दाबेपर्यंत ते कुठंही कायमचं लिहिलं जात नव्हतं. ते मशीन पडलं की सगळ्यांचं पुसलं जाणार. दुसरं मशीन होतं, पण ते नुसतं शेजारी उभं. दीदींनी हे ललितभैयांना सांगितलं, खात्यातल्या बाबूला सांगितलं, सल्लागाराला फोनवर सांगितलं. तो म्हणाला की अहो, ही भाषा बँकांमध्ये चालते. ललितभैया म्हणाले, डिझाइन वरून पास होऊन आलंय, त्याला हात लावायचा नाही. जिल्ह्यांना वेगळे दिवस देण्याबद्दल विचारलं तर कळलं की वर्तमानपत्रांना बातमी देऊन झाली आहे, आता बदल नाही.

त्या रविवारी दीदी अभनपूरला जाऊन आल्या. सोमवारी मी विचारलं, उघडलं का? म्हणाल्या, उघडलं. मी एकटीच होती ना.

शेवटच्या दिवसाबद्दल फार लांबवण्यात अर्थ नाही. सकाळी सगळं ठीक होतं. उन्हं चढली तशी राज्यभरातल्या कॅफेंत मुली येऊन बसल्या आणि दुपारच्या आत मशीन पडलं. दीदींनी ते उठवलं. ज्यांचे अर्ज अर्धे होते ते पुसले गेले, त्या मुलींनी पुन्हा पहिल्यापासून भरायला घेतलं, त्यामुळे गर्दी आणखी वाढली आणि ते पुन्हा पडलं. असं दिवसभर. फोन वाजत होते. जांजगीरहून, जगदलपूरहून, कवर्ध्याहून. एक बाप फोनवर फक्त विचारत होता की लाइन कधी येईल, जसं विजेबद्दल विचारतात. दीदी फरशीवर पाय घट्ट टेकवून बसल्या होत्या आणि प्रत्येकाला तेच सांगत होत्या, भरते रहिए, भैया, हो जाएगा.

मुदत पाचपर्यंत होती. पाचला दार आपोआप बंद करणारा प्रोग्रामचा तुकडा दीदींनीच लिहिलेला. चारपासून त्यांनी संचालकसाहेबांना फोन लावायला सुरुवात केली, मुदत वाढवून द्या म्हणून. साहेब मंत्रालयात बैठकीला होते. पाचला काही मिनिटं असताना दीदींनी तो तुकडा उघडला आणि वेळ पुढे ढकलली.

मी म्हटलं, "दीदी, परवानगी?"

"मांगून राहिली ना मी," त्या म्हणाल्या. "देतीन तवा देतीन. तवरक पोट्ट्या भरून घेतीन."

संध्याकाळी गर्दी ओसरली तसं मशीन उभं राहिलं. आता अर्ज पूर्ण होऊ लागले. एकेक पावती निघत होती, आमच्या पडद्यावर एकेक नोंद चढत होती. दिवेलागणीपर्यंत दीदींनी दार उघडं ठेवलं. शेवटची नोंद चढल्यावर बराच वेळ नवीन कुणी आलं नाही, तेव्हा त्यांनी ते बंद केलं, चप्पल घातली आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, झालं. त्या वेळी मलाही वाटलं होतं की झालं.

आठवड्याभरात खात्यानं जाहीर केलं की पाचनंतर आलेले सगळे अर्ज रद्द. नियम सगळ्यांना सारखा. कुणीतरी कोर्टात जाऊ नये म्हणून तसं करावं लागलं, असं आम्हाला सांगण्यात आलं.

त्यानंतर काही दिवसांनी सुखमती नेताम आली. बस्तरातल्या कोंडागावच्या पुढच्या कुठल्यातरी गावची, बारावी झालेली, दोन वेण्या, खांद्याला शाळेचंच दप्तर. सोबत वडील. त्यांना हिंदी जेमतेम येत होतं. कॅफेवाल्यानं छापून दिलेली पावती तिनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणली होती. संचालनालयात कुणीतरी तिला सांगितलं होतं की कॉम्प्युटरचं काम पंडरीत होतं, तिथं जा. कापडाच्या दुकानात विचारत विचारत ती वर आली होती. तिला गुण चांगले होते, तिची पहिली पसंती रायपूरच्या सरकारी कॉलेजला होती आणि यादीत तिच्याहून कमी गुणांच्या मुलींची नावं तिनं स्वतः वाचली होती. ती रडत वगैरे नव्हती. तिला वाटत होतं काहीतरी चूक झाली आहे आणि ती दुरुस्त होईल.

दीदींनी पावतीवरची वेळ पाहिली. मग त्यांनी बापलेकीला पाणी दिलं, मला सोबत घेतलं आणि आम्ही चौघं रिक्षानं संचालनालयात गेलो.

साहेबांनी आम्हाला आत बोलावलं, हे कबूल केलं पाहिजे. त्यांनी पावती पाहिली आणि दीदींना विचारलं की पाचनंतर चालू ठेवायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं.

"किसी ने नहीं, सर. मैंने रखा," दीदी म्हणाल्या. "इसमें बच्ची की गलती नहीं है. दिनभर में इसने छह-सात बार भरा है, मशीन में दिख रहा है. हर बार हमारी तरफ़ से गिरा है."

साहेबांनी पावती परत केली. आवाज चढवला नाही. "आपने खुला रखा था, तो सीट भी आप दे दीजिए, मैडम."

सुखमतीच्या वडिलांना हे वाक्य नीट कळलं नसावं. ते दीदींकडे बघायला लागले, जणू त्या आता जागा देतील.

बाहेर आल्यावर दीदींनी बसस्टँडजवळ दोघांना जेवायला घातलं. वडील जेवले. मुलीनं भात चिवडला आणि विचारलं, "अगले साल भी ऐसा ही भरना है क्या, दीदी? यही पन्ना रहेगा?"

दीदी मान डोलावून म्हणाल्या, "हव." आणि लगेच पुढे, "भरना ज़रूर."

बस निघाली तेव्हा आम्ही तिथंच उभ्या होतो. ऑफिसात आल्यावर त्यांनी चहा मागवला आणि पेला समोर ठेवून बसून राहिल्या.

चौकशीसाठी समिती बसली. तिच्यासमोर दीदींना दोनदा बोलावलं. त्यांनी एका मशीनचं सांगितलं, मुदतीचं सांगितलं, जिल्ह्यांना वेगळे दिवस द्यायला हवे होते हेही सांगितलं. समितीचा निष्कर्ष आला की निवडलेली भाषा या कामासाठी योग्य नव्हती, आणि मुदत ओलांडून यंत्रणा चालू ठेवणं हा कंपनीचा गंभीर दोष. सल्लागाराचं नाव कुठंच नव्हतं. पुढल्या वर्षीचं काम दुसऱ्या कंपनीला गेलं. भाषा बदलायची हे ठरलंच होतं. नवी वेबसाइट पीएचपीत लिहिली गेली.

ती सुरू झाली त्या दिवशी ललितभैयांनी दीदींना मुद्दाम बोलावून दाखवलं. म्हणाले, दीदी, अखेर आपकी ही बात मानी. त्यांना खरंच वाटत होतं की दीदींना बरं वाटेल. दीदींनी आपल्या जागेवर येऊन ते पान उघडलं. एक खोटा अर्ज अर्धा भरला, मग इंटरनेटची तार काढली आणि परत लावली. भरलेलं सगळं पुसलं गेलं होतं, आणि वर सगळ्या जिल्ह्यांसाठी मुदतीचा दिवसही एकच लिहिलेला होता. "दार तं एकच ठेवलं," त्या म्हणाल्या आणि पान बंद केलं.

त्या वर्षी शेवटच्या दिवशी ती वेबसाइटही पडली. वर्तमानपत्रात आतल्या पानावर बातमी आली. यादी लागली तेव्हा दीदींनी दुपारभर दुसरं काही केलं नाही. एकेक पान उघडून त्या नावं वाचत होत्या. मी मागे जाऊन उभी राहिले. नेताम आडनावाच्या खूप होत्या. सुखमती नव्हती. मग त्यांनी शोधाच्या चौकटीत नाव वेगवेगळं लिहून पाहिलं. सुकमती. सुखमति. सुखवती. कॅफेवाले घाईत काहीही लिहितात, त्या म्हणाल्या. बऱ्याच वेळानं त्यांनी हात मांडीवर ठेवले.

"भरलाच नसन तिनं," त्या म्हणाल्या. "काहून भरन?"

त्यानंतर त्या अभनपूरला गेल्या नाहीत. तशी गरजही उरली नव्हती. आमच्याकडे आता दुकानांची, लग्नाच्या हॉलांची छोटी कामं येत. नवीन आलेल्यापुढे त्या जुना प्रोग्राम ठेवत नसत, ललितभैयाच काय ते विचारून घेत. मला पुण्यात नोकरी मिळाली. माझ्या नावाचा डबा मलाही मिळाला. अनिकेत त्याच सुमाराला बेंगळुरूला गेला. कुठली भाषा शिकायची हे त्याला आईनंच सांगितलं होतं. त्याला पोचवून आल्यावर त्यांनी मला फोन केला, मेसचं जेवण कसं असते म्हणून विचारायला. मुलाला पाठवायचं नव्हतं का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, थांबून काय करन तो इथं.

बऱ्याच वर्षांनी, आतेबहिणीच्या लग्नासाठी, मी रायपूरला गेले. विमानतळापासून पुढे नवी राजधानी उभी राहिली होती. आठपदरी रस्ते, काचेच्या इमारती, आणि त्यांच्यामध्ये कुणीच नाही. पंडरीतला आमचा मजला पुन्हा कापडाचा झाला होता. ललितभैयांनी सांगितलं की दीदी आता टिकरापाऱ्यात एका कॉम्प्युटर सेंटरमध्ये शिकवतात.

मी दुपारी गेले. एप्रिल होता, गल्लीत माणूस नव्हतं. दवाखान्यावरच्या मजल्यावर एक लांबट खोली, तिथं वीसेक मुलंमुली बसलेली. दीदी फळ्याजवळ उभ्या होत्या. केस बरेच पांढरे झाले होते, चष्मा जाड झाला होता. मला पाहून त्यांना आनंद झाला, पण तो चेहऱ्यावर यायला थोडा वेळ लागला. मला त्यांनी पुढच्या बाकावर बसवलं आणि मुलांना सांगितलं की ये दीदी पुणे में बड़ी कंपनी में हैं. सगळी मुलं माझ्याकडे बघायला लागली.

एका मुलीनं उभं राहून विचारलं, "मैडम, कौन सी लैंग्वेज सीखें, जिससे बाहर नौकरी लग जाए?"

मला वाटलं, दीदी आता बोलतील. भाषेनं काय होतं आणि काय होत नाही ते सांगतील. ते ऐकायचं म्हणून मी सावरून बसलेही. दीदी माझ्याकडे वळल्या आणि मराठीत, हळू आवाजात म्हणाल्या, "तिकडे आता काय चालून राहिलं वो?"

मी सांगितलं, "पायथन."

त्या वळून फळ्याकडे गेल्या, आधीचं सगळं पुसलं आणि मधोमध मोठ्या अक्षरांत तो शब्द लिहिला. मुलांनी माना खाली घातल्या आणि तो उतरवून घेतला. खडू हातात तसाच धरून दीदी खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या, बाहेर कडक ऊन होतं, आणि सगळ्यांचं लिहून व्हायची वाट बघत राहिल्या.